मागचा दिवा

बातमी आली तो सोमवार होता आणि मी चष्मा आणायला निघालो होतो. सकाळचे अकरा वाजत आले होते, ऊन बेताचं होतं. चष्म्याची दांडी बदलायला टाकली होती. चष्मेवाल्यानं सोमवारचा वायदा केला होता, आणि तो माणूस वायद्याचा पक्का. तुझी काकू होती तोवर बारीक अक्षर तीच वाचून दाखवायची, त्यामुळे मला चष्म्याची घाई कधी नसायची. आता असते.

दुकानाचं शटर खाली. शेजारी घड्याळवाला बसतो. डोळ्याला भिंग लावून तो कुणाच्या तरी मनगटी घड्याळाच्या पोटात शिरला होता.

"आज सुट्टी आहे का हो ह्यांना?"

त्यानं भिंग न काढताच मान वर केली. "तुम्हाला कळलं नाही? पाववाले गेले. शनिवारी रात्री."

"कोण, आपले पाववाले?"

"आपलेच. ह्यांचे साडू. दोघं सायकलवर गेले होते ना? हे पुढे निघून गेले म्हणतात. आणि ते मागे, रस्त्याच्या कडेला..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. पुन्हा घड्याळात डोकं घातलं.

माझ्या हातात पिशवी होती. परतताना पाव घ्यायचा होता.

संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला कळलं होतं, की चष्मेवाल्यानं भांडणाच्या रागात साडूला अंधारात सोडलं. त्या आठवड्यापासून ह्या दोघांच्या बायका, सख्ख्या बहिणी, एकमेकींशी बोलत नाहीत. त्यानं सोडलं की नाही, एवढीच ही गोष्ट आहे.

आज का सांगतोय? मघाशी जेवताना तू बोललीस म्हणून. उद्या पहाटे निघणार, पहिलीच मोठी सफर, चार दिवसांची. अंधार पडला की तू पुढे, जावईबापू मागे. ह्यांच्या दिव्यानं तुझी सावली रस्त्यावर पडणार. "सावली दिसतेय तोवर नवरा मागे आहे, काका. वळून बघायलाच नको." ह्यांनी विचारलं, "आणि सावली गेली तर?" तर तू म्हणालीस, "तर मी सुटले!"

हसलो मीही. पण हातातला घास परत ताटात ठेवला. तुम्हाला हे कुणी शिकवलं, तर म्हणालात, सगळेच करतात. करत असतील. ते दोघं साडू वीस वर्षं करत होते.

सायकलची ती साखळी पुसणं राहू दे जरा. साडेनऊच वाजलेत, फार वेळ घेत नाही. आणि हे मला चष्मेवाल्यानं स्वतः सांगितलंय, दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, माझ्या नाकावर ती तपासणीची जड चौकट चढवलेली असताना. मध्ये मध्ये भिंग बदलायचा आणि विचारायचा, "हे बरं, का हे?" आणि पुढे सांगायचा. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं. त्यामुळेच सांगू शकला असेल.

साडू म्हणजे बायकांमुळे गळ्यात पडलेली माणसं. ह्यांचं मात्र बायकांपेक्षा एकमेकांशी जास्त जमायचं. चष्मेवाला थोरलीचा नवरा. सडपातळ, मोजूनमापून बोलणारा. पाववाला धाकटीचा. आडवा माणूस, सव्वीस वर्षं पहाटे तीनला उठून पीठ मळणारा. तळहात हे एवढे, आणि तोंडाची भट्टी दिवसभर पेटलेली. दोघं एकमेकांना अरे-तुरे करायचे. अहो-जाहो ऐकू आलं की दोन्ही घरांना कळायचं, आज बिनसलंय.

समोरून वारा असला की पाववाला पुढे. "ये माझ्या आडोशाला," म्हणायचा. "तुझ्या मेहुणीनं वीस वर्षं खपून हा आडोसा पोसलाय. वाया घालवू नकोस." अंधार पडला की चष्मेवाला पुढे, कारण पाववाल्याला रात्री कमी दिसायचं. पुढच्यानं खड्डा आला की हात खाली करून दाखवायचा, मागच्यानं त्याच्या लाल दिव्यावर नजर ठेवून यायचं. चष्मेवाल्याचा समोरचा दिवा आपला चाकापुरता. पाववाल्याचा मात्र दांडगा, मोटरसायकलला शोभेल असा. त्याचा झोत मागून आला की चष्मेवाल्याची सावली लांबवर रस्त्यावर पडायची.

त्यावरून त्यांनी ठरवून टाकलं होतं. वळून बघायचं नाही, कारण सामान लादलेल्या सायकलवर मान वळवली की हँडल भरकटतं. हाका मारायच्या नाहीत, वाऱ्यात ऐकू येत नाहीत. सावली आहे म्हणजे मागचा आहे. आणि मागच्याला थांबावं लागलं, काही झालं, तर त्यानं दिवा बंद करायचा. सावली गेली की पुढच्यानं जागच्या जागी फिरायचं आणि उलट यायचं.

"मग चांगलंच आहे की, काका."

चांगलंच आहे. वीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

ते निघाले समुद्राकडे. चार दिवसांची वाट, शेवटी दीपगृह, मग रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. आदल्या वर्षी तिसऱ्या दिवशी पाववाल्याचा गुडघा सुजला आणि टेम्पोत सायकली घालून परत आले होते. त्याच्या आदल्या वर्षीही असंच काहीतरी. ह्या खेपेला चष्मेवाल्यानं मनावरच घेतलं होतं. निघताना धाकटी बेकरीच्या दारात उभी होती. म्हणाली, "भाऊजी, माणूस नाही आणलात तरी चालेल, हेल्मेट तेवढं आणा. नवं आहे."

"ऐकलंस?" पाववाला म्हणाला. "अशी माझी किंमत."

"किंमत तुमचीच विचारायला गेले होते दुकानात," ती म्हणाली, "पण मोडीत घेत नाहीत म्हणाले."

सगळे हसले. चष्मेवालाही.

तिसरा दिवस शनिवार. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा. तो दिवस पहिल्यापासूनच वाकड्यात शिरला. नऊच्या आत दोन पंक्चर. दहापासून समोरून वारा, असा की उतारावरसुद्धा पेडल मारावं लागत होतं. पाववाला पुढे राहून तो सगळा वारा अंगावर घेत होता. दुपारी चष्मेवाल्याच्या मागच्या चाकाचा आरा तुटला. चाक आठासारखं वळवळायला लागलं. रस्त्याच्या कडेला बसून ते सरळ करण्यात दोन तास गेले. पाववाला शेजारी आडवा पडून होता. गप्प. तो गप्प आहे हे चष्मेवाल्याच्या लक्षातच आलं नाही, कारण तो आरे मोजत होता.

"छातीत जळजळतंय रे," मग पाववाला म्हणाला. "दुपारचं पचलं नाही."

"पाणी पी."

साडेसहाला एक गाव लागलं. बाजाराचं. एका हार्डवेअरच्या दुकानावर लॉजची पाटी. पाववाल्यानं सायकल त्या पाटीखाली लावली आणि हँडलवर डोकं टेकून उभा राहिला.

"इथेच टाकू पथारी. बाकीचं उद्या."

"शेहेचाळीस किलोमीटर राहिलेत. विश्रामगृहात सांगून ठेवलंय. आज इथे थांबलो तर दीपगृह गेलं."

"कुठे जातंय? दीपगृहच आहे ते. उभंच असतं."

एरवी चष्मेवाला हसला असता. नाही हसला. चष्म्यावरची धूळ पुसत, त्याच्याकडे न बघता म्हणाला, "दर वर्षी तुमच्यामुळेच राहतं."

तुमच्यामुळे.

पाववाल्यानं हँडलवरून डोकं उचललं. मग त्यानं हेल्मेटचा पट्टा परत लावला. "बरं. चला," म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे."

झालं. त्यांचं शेवटचं बोलणं हे एवढंच.

सहा चाळीसला गाव सोडलं. पूर्ण अंधार. चष्मेवाला पुढे, पाववाला मागे. सावली पडली होती, पण झुलत होती. पाववाला दमला की सायकल डावी-उजवी हेलकावत चालवायचा, मग दिवाही हलायचा आणि सावलीही. चष्मेवाल्याला ते दिसत होतं. त्यानं वेग कमी केला नाही.

पूल आला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यानं घड्याळ पाहिलं, म्हणून नक्की. पुलाच्या अलीकडे पंक्चरचं दुकान, पिवळा बल्ब, एक माणूस शटर ओढतोय. पुलापलीकडे नुसता माळ. घर नाही, झाड नाही, फोनला रेंज नाही. चंद्र उगवायला पहाट व्हायची होती.

पुलाच्या मध्यावर सावली गेली.

त्यानं पेडल थांबवलं. ब्रेकवर बोटं ठेवली. एक पाय काढलासुद्धा, टेकायला. चार अंक मोजता येतील एवढा वेळ... आणि सावली परत आली. होती तिथे, होती तशी. उलट जरा जास्त ठळक.

त्याला वाटलं, पुलाच्या सांध्यावर आदळून दिव्याची तार हलली असेल. त्यानं पाय परत पेडलवर ठेवला.

इथे तो बराच वेळ थांबला होता, सांगताना. मला वाटलं भिंग शोधतोय. डबीत एकही भिंग वाजलं नाही.

"मी पाय टेकला नाही," म्हणाला. "टेकायला आलेला पाय परत वर घेतला."

पुलानंतर सावली झुलायची थांबली होती. एकदम स्थिर. रस्त्यावर कापून चिकटवल्यासारखी. चष्मेवाल्याला बरंच वाटलं. पठ्ठ्याला दम आला म्हणायचा. उगाच लॉज लॉज करत होता. थोडा रागही आला, की एवढा दम होता तर मघाशी तोंड का पाडलं?

साडेआठ. पावणेनऊ. सावली तशीच.

नऊच्या सुमारास वारा पडला. दिवसभर कानात घुमत होता तो थांबला आणि सगळं ऐकू यायला लागलं. स्वतःचा श्वास. टायरखालची बारीक खडी. तुटलेल्या आऱ्याच्या जागी चाकाची किंचित घासणी.

पाववाल्याच्या साखळीला खोड होती, दर फेऱ्याला एकदा कट् करायची. ती ऐकू येत नव्हती. आणि त्याचा श्वास? तो तर भात्यासारखा चालायचा. वीस पावलांवरून ऐकू यायचा.

मागे काहीच नव्हतं. उजेड तेवढा होता.

"घाबरला असेल ना तो?" जावईबापू, मीही तेच विचारलं. नाही घाबरला. तेव्हा तरी नाही. त्याला वाटलं, रुसलाय. हा मुद्दाम गप्प आहे, मी पहिल्यांदा बोलावं म्हणून. तर बसा. मीही बोलणार नाही.

म्हणून तो आणखी अर्धा तास बोलला नाही. वीस वर्षांच्या साडूशी, रिकाम्या माळावर, मध्ये दहा पावलांचं अंतर असताना.

साडेनऊला समोरून ट्रक आला. एकच, त्या रात्रीतला. मोठे दिवे, भगभगीत. सगळा रस्ता पांढरा झाला. आता बघ, समोरून एवढा उजेड आला की पुढची सावली पुसली जाते. जायलाच हवी. ती मागे पडते.

नाही पुसली.

ट्रकच्या दिव्यांतसुद्धा ती तशीच पुढे पडलेली. काळी. स्थिर. ट्रकचं चाक तिच्यावरून गेलं.

आणि ट्रक गेला.

मग त्याला भीती वाटली. मानेपासून खाली, पाठीवर. आता वळून बघावं... मान वळेना. हँडलमुळे नव्हे. त्यानं ओठ ओले केले.

"पाणी हवंय का?"

...

"अरे, पाणी आहे का तुझ्याकडे?"

...

"बोल की. किती ताणशील?"

काही नाही. सावली हलली नाही.

"काका, थांबला का नाही तो? नुसता पाय टेकायचा!"

तू म्हणतेस तसंच मी म्हणालो. चिडून म्हणालो. त्यानं माझ्या नाकावरची चौकट काढून घेतली आणि म्हणाला, "आधी रुसवा होता म्हणून नाही थांबलो. मग भीती होती म्हणून नाही. दोन्हीच्या मध्ये एक क्षण असेल, थांबण्याचा. तो मला सापडत नाही. मी रोज शोधतो."

मग चढ लागला. शेवटचे सहा किलोमीटर चढच आहे. पाय संपले होते. वळवळणारं चाक घासायला लागलं. एक वेळ अशी आली की सायकल थांबतच होती. पडणार होता तो.

आणि पाठीवर हात आला.

दोन खांद्यांच्या मधोमध. मोठा तळहात. सगळी बोटं मोजता येतील असा. चढावर पाववाला नेहमी असाच हात लावायचा मागून, पीठ लोटावं तसा लोटायचा आणि वर म्हणायचा, "एवढासा जीव, आणि बायको माझ्या बायकोची थोरली!" आत्ता कुणी काही म्हणालं नाही. फक्त हात. ऊबदार होता. नोव्हेंबरातली रात्र, घाम गार झालेला, आणि तो हात भट्टीजवळून आल्यासारखा ऊबदार.

चष्मेवाला रडायला लागला. पेडल मारत, पुढे बघत.

"चुकलं माझं," म्हणाला. "ऐकतोयस ना? नको होतं बोलायला. चुकलं."

हात जरा दाबला गेला. एवढंच.

चढ संपेपर्यंत हात होता. मग नव्हता. सावली होती.

विश्रामगृह आलं. दहा पंचावन्न. पांढरं फाटक, रखवालदार टॉर्च घेऊन उभा. चष्मेवाल्यानं ब्रेक लावला. पाय टेकला. सावली फाटकावर उभी राहिली, त्याच्याएवढी.

"दोघांचं सांगितलं होतं ना?" रखवालदार म्हणाला.

"मागे आहे."

"कुठे?"

"हा काय."

रखवालदारानं त्याच्या खांद्यावरून टॉर्च मारली. डावीकडे. उजवीकडे.

"साहेब... मागे कुणी नाही."

त्यानं फाटकाकडे पाहिलं. फाटक पांढरं होतं. नुसतं पांढरं.

मग वळला. पहिल्यांदा.

रस्ता. अंधार.

...

खिशातला फोन वाजायला लागला. तिथे रेंज होती. तेवीस कॉल येऊन गेले होते.

दिवा राहू दे, लावू नकोस. राहिलंय थोडंच.

पंक्चरवाल्यानं जे सांगितलं ते असं. आठ दहाच्या सुमाराला एक बारीक माणूस पुलावर गेला. त्याच्या मागोमाग एक जाडा माणूस दुकानासमोर उतरला, सायकल किलोमीटरच्या दगडाला टेकवली आणि खाली बसला. घामानं निथळत होता. पंक्चरवाल्यानं पाणी दिलं, म्हणाला, "पुढच्यांना हाक मारू का?"

"नको. ऐकू नाही जायचं," पाववाला म्हणाला. "मी दिवा बंद केलाय. आता येईल तो."

पंक्चरवाल्याला काही कळेना. त्यानं पाववाल्याच्या फोनवरून चष्मेवाल्याला लावून पाहिला. लागला नाही. म्हणाला, "कुणाची तरी गाडी थांबवतो, दवाखाना बाजाराच्या गावात आहे." तर पाववाला म्हणाला, "मी उलटा गेलो तर तो इथे येऊन शोधत बसेल. थांबू पाच मिनिटं. सावली गेली की तो फिरतो. कधी चुकला नाही."

पाच मिनिटांची पंधरा झाली. पाववाला पुलाकडे बघत बसला होता. मध्ये एकदा त्यानं विचारलं, "दिवा बंदच आहे ना हो? मला नीट दिसत नाही." पंक्चरवाल्यानं उठून, दिव्यावर हात ठेवून सांगितलं, बंद आहे. मग त्यानं न विचारताच रुग्णवाहिकेला फोन केला. ती नऊ दहाला आली. पाववाला आठ चाळीसलाच गेला होता, दगडाला टेकून, बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास आधी आणलं असतं तर काही सांगता आलं असतं.

हे सगळं पंक्चरवाल्यानं धाकटीला घरी येऊन सांगितलं. भला माणूस, स्वतःच्या खर्चानं आला. तिनं एकही प्रश्न न विचारता ऐकलं. मग भिंतीजवळ चष्मेवाला उभा होता, त्याच्याकडे वळली. खोलीत पंधरावीस माणसं होती.

"भाऊजी, ह्यांनी दिवा बंद केला होता. तुम्ही आला का नाहीत?"

काय सांगणार? बंद नव्हता म्हणून सांगणार? माझ्या मागे पावणेतीन तास उजेड होता म्हणून? नवरा गेलेल्या बाईला, चौथ्या दिवशी?

थोरली मध्ये पडली, "ह्यांना काय कळणार अंधारात," म्हणाली. धाकटी म्हणाली, "ताई, तू बोलू नकोस." त्यानंतर त्या बोललेल्या नाहीत. लोकांनी आपापला अर्थ लावला. तुम्हीही लावला असता. मीही लावलाच होता, म्हणून तर मी तीन महिने त्या दुकानाची पायरी चढलो नाही. आंधळ्यासारखा वावरलो, पण गेलो नाही.

सायकल पोलिसांकडून टेम्पोनं आली. धाकटी म्हणाली, "ती माझ्या दारात नको." म्हणून चष्मेवाल्यानं आणली, आणि त्या अंधाऱ्या खोलीच्या मागे अडगळीत ठेवली. पुढचं चाक काढून दोरीनं दांडीला बांधलेलं होतं, तसंच राहू दिलं. तीन आठवडे त्यानं तिकडे पाहिलं नाही. मग एके संध्याकाळी धूळ पुसायला म्हणून गेला. हँडलवरच्या मीटरला फडकं लागलं आणि आकडे उजळले.

तुमच्या सायकलींना आहे तसंच मीटर. पुढचं चाक फिरेल तेवढंच मोजणारं. दोघं साडू रोज सकाळी निघताना एकदमच शून्यावर आणायचे. त्या शनिवारी निघाल्यापासून पुलाजवळच्या दगडापर्यंत सत्त्याण्णव किलोमीटर होतात. विश्रामगृहाच्या फाटकापर्यंत एकशे अठ्ठावीस. चष्मेवाल्याच्या मीटरवर एकशे अठ्ठावीस आहेत.

पाववाल्याच्याही आहेत.

मी पाहिले. त्यानं दोन्ही मीटर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, मोठा दिवा लावला, आणि बाजूला झाला. मी वाकून पाहिलं, मग बसून पाहिलं. सायकल दगडाला टेकलेली होती, हे पंक्चरवाल्यानं सांगितलंय. रुग्णवाहिकेच्या माणसांनी सांगितलंय, पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलंय. तिथून ती हलली ती चाक काढूनच. मग ते एकतीस किलोमीटर कुठून आले, ते मला विचारू नका. मीटर बिघडलं असेल, हेही म्हणून झालंय माझं. तो म्हणाला, "असेल."

तो मला दारापर्यंत सोडायला आला. मग म्हणाला, "तिकडे बसून माझी वाट बघत होता. आणि इकडे मला पोचवायलाही आला होता. एकाच वेळी. आला नसता तर मी परत गेलो असतो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला, म्हणून काढून घेतला.

तिला हे दाखव, असं मी त्याला त्या दिवशी सांगितलं. नंतरही सांगितलं. बेकरी चालू आहे. पहाटे आता तीच उठते. तो दोनदा जाऊन आला, मीटर खिशात घेऊन. पहिल्यांदा गिऱ्हाइकं होती. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं. तिनं पाव कागदात बांधला, काउंटरवर ठेवला आणि आत निघून गेली.

तो आकडा त्यानं तिला अजून दाखवलेला नाही.